गाडी मी चालवत होते

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी मोटार चालवायला शिकले, त्याचं कारण एवढंच की मोटार दारात नुसती उभी होती. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात होता, तीन पाळ्यांमध्ये. त्याला न्यायला-आणायला कंपनीची बस सिडकोतल्या आमच्या कोपऱ्यावर यायची. त्याच्या एका सहकाऱ्याची बदली झाली तेव्हा त्याची पांढरी मारुती यानं विकत घेतली, आणि घेतल्यानंतर त्याच्या लक्षात आलं की आपल्याला मोटारीनं जावं लागेल असं ठिकाणच नाही. मग दर रविवारी तो ती धुवायचा, फडक्यानं कोरडी करायचा, एक चक्कर मारून आणायचा आणि कव्हर चढवून टाकायचा. बाकीचे सहा दिवस ती अंगणात दादरा बांधलेल्या लोणच्याच्या बरणीसारखी बसून असायची.

मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. सकाळी सातची ड्यूटी, दोन बस बदलून. एक दिवस बसमध्ये दांडीला लोंबकळताना मनात आलं, आपली गाडी अंगणात बसलीय आणि आपण इथं उभ्या. त्याच आठवड्यात ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवायला एसटीतून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांना ओरडायची सवय नव्हती. मी चुकले की ते फक्त "अरे देवा" म्हणायचे, आणि दिवसभरात किती वेळा म्हणाले त्यावरून माझी प्रगती मला कळायची. शेवटच्या दिवशी ते दोनदाच म्हणाले. पक्कं लायसन्स हातात पडलं तेव्हा मी एक्सचेंजमध्ये पेढे वाटले. मुलगी दहावी झाली तेव्हा वाटले होते, त्यापेक्षा अर्धा किलो जास्तच.

त्याला अडीच महिने झाले असतील. संक्रांतीनंतरचा आठवडा. दुपारी ड्यूटी संपवून, हळदीकुंकवाच्या वाणासाठी चहाच्या तीन डझन गाळण्या घेऊन मी घरी निघाले होते. क्रांती चौकात तेव्हा उड्डाणपूल नव्हता, सगळी वाहतूक त्या एका सिग्नलला येऊन तुंबायची. सिग्नल लाल झाला. मी पांढऱ्या पट्ट्याच्या आत गाडी उभी केली, न्यूट्रल केली, आणि काकांनी "अरे देवा" म्हणावं असं काही आपल्या हातून झालं नाही म्हणून खुशीत बसले. तेवढ्यात मागून धाडकन् आवाज झाला.

माझा पहिला विचार हा की आपणच काहीतरी केलं. ब्रेकवरचा पाय उडाला, गाडी पुढं ढकलली गेली आणि दुभाजकाच्या दगडावर जाऊन आदळली. समोरचा एक दिवा फुटल्याचं मी ऐकलं. मग मागच्या सीटवरच्या गाळण्या खळखळत पुढं आल्या. एक माझ्या मांडीत येऊन बसली. आणि मग गाडीत एक ओळखीचा, झणझणीत वास शिरला. मागं पिकअप होती, गोण्यांनी शिगोशीग भरलेली. वरच्या दोन-तीन गोण्या तिच्या टपावरून माझ्या टपावर येऊन फुटल्या होत्या आणि चौकात सगळीकडं अद्रक पसरलं होतं.

गर्दी जमायला वेळ लागला नाही. एकानं दार उघडलं, त्याच्या पायाशी दोन गाळण्या पडल्या. त्यानं त्यांच्याकडं बघितलं, रस्त्यावरच्या अद्रकाकडं बघितलं आणि मागं वळून ओरडला, "दूध तेवढं आणा रे कुणी!"

लोक हसले. मला हसू येत नव्हतं, पण रडूही आलं नाही, हे मी नीट आठवून सांगते. हात मात्र स्टिअरिंगवरून निघत नव्हते. आजूबाजूला निकाल लागून चुकला होता. "लेडीज हाय. एकदम ब्रेक मारला आसंल." "साहेब कुठंयत? साहेबांना बोलवा."

"मी उभी होते हो," मी म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. दिवसभर हेडफोन लावून बोलणाऱ्या माणसाचा आवाज मोठा नसतो.

पिकअपचा ड्रायव्हर खाली उतरला. पन्नाशीचा, पायजमा-शर्ट, डोक्याला पांढरी टोपी. सांडलेल्या मालाकडं न बघता तो सरळ माझ्या खिडकीशी आला.

"ताई, लागलं नाय ना कुठं? मान हलवून बघा जरा."

मी मान हलवली.

"इकडून बी."

तीही हलवली.

"मंग हरकत नाय. बाकीचं समदं लोखंड हाय." आणि तो गर्दीकडं वळला. "काय गलका लावलाय? त्या उभ्या व्हत्या. माझा पाय घसरला ब्रेकवरून. मीच ठोकली."

हे वाक्य त्यानं त्या दिवशी किती वेळा आणि कुणाकुणासमोर म्हटलं ते पुढं येईलच. पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे हात स्टिअरिंगवरून सुटले.

तो पिशोरचा होता, कन्नड तालुक्यातला. तिघा भावांची शेती एकत्र, पिकअप तिघांची, आणि माल घेऊन तो जालन्याच्या व्यापाऱ्याकडं निघाला होता. मी त्याला कागदपत्रं मागितली. नवऱ्यानं मला पढवून ठेवलं होतं, काहीही झालं तर आधी समोरच्याचा इन्शुरन्स बघायचा. त्यानं सीटखालून प्लॅस्टिकची पिशवी काढली. लायसन्स होतं, गाडीचं पुस्तक होतं, इन्शुरन्सचा कागदही होता. फक्त त्याची मुदत चार महिन्यांपूर्वी संपली होती.

"संपलीय," मी म्हणाले.

"नाय ओ. भरलाय की." त्यानं कागद डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला, परत लांब धरला. "असं झालंय बघा, ताई. थोरल्याला वाटलं मी भरला. मला वाटलं धाकट्यानं भरला. आन् धाकट्याला वाटतं इन्शुरन्स एकदाच काढायचा असतो, लग्नासारखा."

वाहतूक पोलिसानं आम्हा दोघांना ठाण्यात नेलं. माझी गाडी ढकलत बाजूला लावली गेली आणि अद्रक मिळेल तेवढं गोण्यांत परत भरलं गेलं, बरंचसं लोकांच्या पिशव्यांत गेलं. ठाण्यातले जमादार वयस्कर होते, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला आणि लिहायला घेतलं.

"मारुतीचा चालक कोण?"

"मी."

"गाडी तुमची, ते कळलं. चालवत कोण होतं?"

"मीच चालवत होते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, मी काय म्हणतो, साहेबांचं नाव टाकू या. बाईमाणसाला उगा चकरा पडतात."

"साहेब आत्ता वाळूजला मशीनवर उभे आहेत."

"त्यानं काय होतंय?"

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. खरंच माझ्या चकरा वाचवायला निघाले होते ते. मी काय उत्तर द्यावं या विचारात असताना बाकड्यावरून ते पिकअपवाले, पिशोरचे म्हणून मी त्यांना पिशोरकरच म्हणते, बोलले, "जमादारसाहेब, ताईच चालवत व्हत्या. मी मागून बघत व्हतो ना. शिग्नल पडला तशी नीट पट्ट्याच्या आत उभी केली. ठोकली ती मी."

"तू तुझं बघ," जमादार म्हणाले. "विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणलीस. कोर्टात उभं राहावं लागंल."

"राहतो की. केलंय तर राहावंच लागंल."

जमादारांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि चालकाच्या पुढं माझं नाव लिहिलं. माझं पूर्ण नाव, नवऱ्याच्या आणि आडनावाच्या आधी माझं, निळ्या शाईत. बाहेर आल्यावर पिशोरकरांनी मला एक गोणी देऊ केली. मी नको म्हणाले. मग अर्धी. मग पिशवीभर. शेवटी त्यांनी पत्ता सांगितला. "पिशोरात कुणालाबी इचारा, अद्रकवाल्यांचं घर." आणि काही लागलं तर साक्षीला येईन म्हणून सांगून ते गेले.

नवरा पहिल्या पाळीहून साडेचारला आला. बसमधून उतरल्याबरोबर त्याला अंगण मोकळं दिसलं असणार, कारण चप्पल न काढता आत आला. मी सांगितलं. त्यानं आधी विचारलं, "तुला लागलं का?" हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवायला हवं. मग विचारलं, "डिकी किती गेली?" हेही लिहायला हवं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इन्शुरन्सचा एजंट घरी आला. आमची पॉलिसी फुल होती. नवरा या बाबतीत काटेकोर, घरातल्या पंख्याची पावतीसुद्धा फाइलला. एजंटनं समजावून सांगितलं की समोरच्या गाडीचा विमा असता तर त्यांच्या कंपनीवर दावा लावता आला असता. नाही म्हटल्यावर माणसाच्या मागं कोर्टात लागा, नाहीतर आपल्याच पॉलिसीतून नुकसान भरून घ्या. पण मग प्लॅस्टिक-रबराच्या वस्तूंचे निम्मेच मिळतात, आणि इतकी वर्षं क्लेम न केल्याची जी सवलत साठत आली ती जाते.

"कोर्ट नको," मी म्हणाले. "आपल्याच पॉलिसीतून."

एजंटनं फॉर्म काढला आणि आवाज खाली आणला. "वहिनी, एक सांगू? अपघाताच्या वेळी वाहन कोण चालवत होतं, असा रकाना आहे. तिथं साहेबांचं नाव टाका. नवीन लायसन्स, त्यात लेडीज. वरचे लोक शंका काढत बसतात. पॉलिसी साहेबांच्याच नावावर आहे, सही पण त्यांचीच लागते."

मी नवऱ्याकडं बघितलं. तो फॉर्मकडं बघत होता.

"सोपं पडेल," तो म्हणाला.

"काल दुपारी दीड वाजता तुम्ही कुठं होता?"

"अगं, ते कोण बघतंय?"

"तुमच्या कार्डावर सातचं पंचिंग आहे. पोलिसांच्या कागदावर माझं नाव आहे. आणि ठोकणारा माणूस चार लोकांत सांगतोय की मी चालवत होते. सगळ्या जगाला माहितीय, फक्त तुम्हालाच नको आहे."

एजंट चहा न घेता उठला. रात्रीची जेवणं झाली. मी भांडी घासत असताना तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी आपल्या फायद्याचं सांगत होतो."

"माहितीय," मी म्हणाले. "पण मी दीड महिना पहाटे उठून शिकले. ते तुम्ही एका रकान्यात पुसायला निघालात." एवढं बोलताना माझा आवाज फुटला. चौकात फुटला नव्हता, ठाण्यात फुटला नव्हता, तो घरी भांड्यांसमोर फुटला.

सकाळी फॉर्म माझ्या डब्याखाली ठेवलेला होता. त्यानं तो स्वतः भरला होता, कारखान्यात ड्रॉइंगवर लिहितात तशा सुटसुटीत अक्षरांत. चालक म्हणून माझं नाव. विमाधारकाशी नातं: पत्नी. खाली त्याची सही. याबद्दल आम्ही नंतर कधीच बोललो नाही, आणि मला वाटतं तेच बरं झालं.

गाडी रोशन गेटजवळच्या एका गॅरेजमध्ये नेली होती. तिथले उस्ताद डेंटिंगमधले मुरलेले. पत्र्यावरून हात फिरवून कुठं किती मार आहे ते डोळे मिटून सांगायचे. पाच वेळा नमाजाला उठायचे आणि आल्यावर हातोडी जिथं ठेवली होती तिथूनच पुढं सुरू. सर्व्हेअर येणार त्या दिवशी मी आणि नवरा दोघं सुट्टी घेऊन तिथं गेलो. उस्तादांनी मला बाजूला बोलावलं.

"मॅडम, ये डाव्या साइड का दरवाजा भी चपटेला है. इसीच में डाल देता मैं. एक साथ हो जाता काम."

त्या दरवाज्याची गोष्ट अशी. शिकत असताना एकदा, क्लासव्यतिरिक्त, मी एकटीनं कव्हर काढून गाडी फाटकातून बाहेर काढायचा प्रयत्न केला होता. डावा दरवाजा फाटकाच्या खांबाला घासला. मी गाडी परत आत घेतली, कव्हर चढवलं, आणि रविवारी नवऱ्याला तो चेपलेला भाग दिसला तेव्हा दूधवाल्याच्या सायकलचं हँडल लागलं असेल म्हणाले. तो पुढं तीन महिने दूधवाल्याशी नीट बोलला नव्हता.

"नको," मी उस्तादांना म्हणाले. "ते जुनं आहे."

"सर्व्हेअर को क्या मालूम पडता?"

तेवढ्यात सर्व्हेअर आलाच. बारीक अंगाचा, गळ्यात कॅमेरा, काखेत वही. नमस्कार नाही, चमत्कार नाही. डिकीचे फोटो काढले, खाली वाकून चासी बघितली, मग पुढं गेला आणि बंपरसमोर उकिडवा बसला.

"धडक मागून बसली ना?"

"हो."

"मग पुढचा मार कशाचा? हा आधीचा दिसतोय. नवीन शिकलाय का तुम्ही?"

मी दगडाचं सांगितलं. तो वहीत काही लिहीत होता, आणि ते माझ्या बोलण्याशी जुळत नसावं असं त्याच्या पेनावरून वाटत होतं. मला ट्रंक कॉलवर वीस वर्षं काढल्यानं एक कळतं, समोरचा ऐकतोय की नुसता लाइनवर आहे. हा नुसता लाइनवर होता.

"साहेब," मी म्हणाले, "इकडं या. हा दरवाजा बघा. हा जुना आहे. हा मी आमच्या फाटकाला घासला होता, डिसेंबरच्या आधी. याच्यात धरू नका. पण पुढचं जे आहे ते त्याच दुपारचं आहे. बंपरमध्ये बघा, दुभाजकाचा पिवळा रंग अजून तसाच चिकटलाय."

उस्तादांनी हातोडी खाली ठेवली. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी बघितला नाही, पण तो तसा झाला होता हे मला उस्तादांच्या चेहऱ्यावरून कळलं.

सर्व्हेअर दरवाज्याशी आला, त्यावरून अंगठा फिरवला, परत पुढं गेला, वाकला, नखानं पिवळा रंग खरवडला. मग पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं नीट बघितलं.

"पुढचं धरतो," तो म्हणाला. "दरवाजा सोडतो." आणि वहीतल्या दोन ओळींवर काट मारली.

तो गेल्यावर नवरा म्हणाला, "दूधवाला?"

"उद्या मीच बोलते त्याच्याशी," मी म्हणाले.

उस्ताद इतका वेळ तोंडावर फडकं धरून उभे होते. आता ते उघड हसायला लागले. "साहब, दरवाजा मेरी तरफ से. पैसा नक्को. इतना मजा मेरेकू बहोत दिन में नै आया."

मग फाइलचा प्रवास सुरू झाला. कधी पोलिसांचा दाखला आला नाही म्हणून अडली, कधी पुस्तकाची झेरॉक्स पुसट म्हणून. इथं माझी नोकरी कामाला आली. फोनवर "झालं का?" असं कधी विचारू नये, त्याला "नाही" हे एकच उत्तर असतं. मी विचारायची, "फाइल आत्ता कुणाच्या टेबलावर आहे?" टेबल सांगितलं की त्या टेबलाला फोन. तिथून पुढच्या. तिसऱ्या आठवड्यात तिथला एक कारकून मला म्हणाला, "मॅडम, आमच्या हाफिसात कोण कुठं बसतं ते आमच्या साहेबांपेक्षा तुम्हाला जास्त माहिती झालंय."

हे सगळं मी हसत सांगते, पण एक गोष्ट तेव्हा कुणालाच सांगितली नव्हती. गाडी गॅरेजमध्ये होती याचं मला बरं वाटत होतं. मी परत दोन बस बदलून ड्यूटीला जात होते, दांडीला लोंबकळत, आणि सुखी होते. रस्त्यानं चालताना मागून कुणी हॉर्न दिला की खांदे आपोआप वर जायचे. चेक यावा म्हणून मी टेबलामागून टेबल पालथं घालत होते, आणि तो जरा उशिरा आला तर बरं असंही वाटत होतं. दोन्ही खरं होतं.

चेक मार्चमध्ये आला. कापाकापी झाली होती, पण एजंटनं घाबरवलं होतं तितकी नाही. गाडी आली, डावा दरवाजा नव्यासारखा. नवऱ्यानं ती गॅरेजमधून आणली, धुतली, पुसली. आणि कव्हर चढवलं. मी ते काढलं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला.

मग एका संध्याकाळी, पोलिसांच्या कागदावरचा पत्ता शोधत, पिशोरकर दारात हजर. कोर्टात दंड भरून आले होते. हातात अद्रकाची पिशवी, ती या वेळी मी घेतली. चहा झाला, अर्थात त्याच अद्रकाचा.

"ताई, तुमी दोघं येत्या रविवारी पिशोरला यायचं. नाय म्हनायचं नाय. घरचे लोकं इचारत्यात, तुमी जिला ठोकलं ती बाई कोन?"

"येऊ की," नवरा म्हणाला. मी त्याच्याकडं बघतच राहिले. नातेवाइकांकडंसुद्धा हा माणूस दोन वेळा विचारून जातो.

रविवारी सकाळी त्यानं कव्हर काढलं, घडी घातली आणि किल्ली माझ्यासमोर धरली.

"तू चालव. माझा डोळा दुखतोय."

वीस वर्षं मी लोकांचे आवाज ऐकण्यात काढली आहेत. त्याचा डोळा दुखत नव्हता. मी किल्ली घेतली.

नगर नाक्यापर्यंत मी रस्त्यापेक्षा आरशातच जास्त बघत होते. छावणीच्या पुढं एक ट्रक मागं लागला, हॉर्न वाजवत. नवऱ्यानं स्वतःच्या पायाखाली नसलेला ब्रेक दाबला, हे मला बाजूला न बघता कळलं. मी डाव्या बाजूला घेतली, ट्रक पुढं गेला, त्याच्या मागं 'फिर मिलेंगे' लिहिलं होतं. "नको रे बाबा," मी मोठ्यानं म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो. त्यानंतर खांदे जरा खाली आले. दौलताबादच्या घाटात मी दुसरा गिअर टाकला तेव्हा ड्रायव्हिंग स्कूलचे काका काही म्हणाले नसते.

पिशोरात खरंच कुणालाही विचारावं लागलं नाही. पिकअप घरासमोर उभी होती. तिन्ही भाऊ, तिघींच्या तिघी जावा, आणि बघायला आलेले शेजारी. थोरले भाऊ गाडीभोवती फिरून डिकी बघत म्हणाले, "कुठं ठोकलीय? काय बी दिसत नाय की." त्यांना जरा निराशाच झाली असावी.

जेवणं झाल्यावर पिशोरकरांची बायको माझ्याजवळ येऊन बसली. ठेंगणी, चटपटीत बाई. काखेतून एक नवीकोरी पिशवी काढली.

"कागदं आता माझ्याकडं असत्यात," ती म्हणाली. "ह्या तिघांच्या भरवशावर नाय ठिवत. ताई, जरा बघा बरं, हे बरोबर दिलंय का त्या एजंटानं? मला वाचाया येतं, पन ह्यातलं कळत नाय."

मी बघितलं. पिकअपचा नवा विमा होता, पण फुल नव्हता, सक्तीचा तेवढाच. मी तिला सांगितलं.

"मंग उद्या आमची गाडी ठोकली तर आमाला ह्यातून काय मिळंल?"

"तुमच्या गाडीला काही नाही. तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याला मिळेल."

तिनं कागद माझ्या हातातून घेऊन उलटसुलट केला. "म्हंजी भरायचे आमी, आन् मिळायचे दुसऱ्याला?"

"व्हय," मी म्हणाले. मराठवाड्याच्या माणसाच्या तोंडून शेवटी व्हयच निघतं.

ती विचारात पडली. अंगणात तिचा नवरा माझ्या नवऱ्याला अद्रकाची लागवड कशी करतात ते हातवारे करून दाखवत होता. तिनं तिकडं एकदा बघितलं.

"मंग त्या दिशी ह्यो कागद असता तर तुमाला मिळालं असतं."

"मिळालं असतं."

"तुमाला एवढ्या चकरा पडल्या नसत्या."

"नसत्या पडल्या."

"आसं हाय व्हय." तिनं कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवला आणि पिशवीचं तोंड दोनदा बांधलं. "मंग बरोबर हाय. भरायला पायजे. ह्यांना मी सांगते, आसं हाय म्हनून. एजंटानं हे सांगितलंच नाय. तो नुसता म्हनला, पोलीस पकडत्यात."

इतक्या सरळ शब्दांत ते मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

उजेडात घरी पोचावं म्हणून आम्ही चारला निघालो. ऊन अजून कडक होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गव्हाची काढणी चालली होती. नवऱ्यानं जाताना पूर्ण रस्ताभर दार घट्ट धरून ठेवलं होतं. येताना पुरणपोळीनं त्याला गाठलं. कन्नड सोडायच्या आत तो खिडकीला डोकं टेकून झोपला, तोंड उघडं टाकून. मी काच थोडी वर केली, त्याच्या कानाला वारा लागू नये म्हणून.

घाट संपता संपता एका खड्ड्यानं तो जागा झाला.

"कुठं आलो?"

"घाट उतरला."

"बरं," तो म्हणाला आणि परत झोपला.